ओळखा दार

माझ्याविषयी जे काही छापून येतं त्यात एक वाक्य हमखास असतं. नसीम मुलाणी यांचा पांढरा रंग जर्मनीतल्या बर्फात जन्मला आणि जपानी कागदावर वाढला. शब्द इकडेतिकडे होतात, बर्फ आणि कागद काही सुटत नाहीत. पहिल्यांदा कुणीतरी हे लिहिलं तेव्हा मी पंचविशीत होते. वाचून बरं वाटलं आणि मी गप्प बसले. मग गप्प बसायची सवयच लागली. आता काळेवाडीत सातव्या मजल्यावर राहते, गुडघे कुरकुरतात. जवळच्या माणच्या आयटी कंपन्यांतली तरुण जोडपी येतात, सोफ्याला जाईल असं एखादं पांढरं चित्र आहे का विचारतात, आणि चहा पिता पिता ‘मॅडम, तो बर्फाचा किस्सा सांगा ना’ म्हणतात. आयुष्यात पहिल्यांदा बर्फ पाहिला तेव्हा मला काय वाटलं होतं सांगू? हा तर अब्बांचा पहिला पत्रा, खडूचा. पण हे मी कुठल्याही मुलाखतीत बोललेले नाही. आज लिहायला बसले आहे, आणि आधीच सांगून ठेवते, या प्रकरणात मी काही बरी मुलगी नाही.

आमचं गॅरेज काळेवाडीतच होतं, रस्त्याला लागून, पत्र्याच्या शेडमध्ये. शेडच्या मागे दोन खोल्या, ते घर. गॅरेज म्हणजे डेंटिंग-पेंटिंगचं. इंजिनाला अब्बा हात लावत नसत. ठोकलेली गाडी यायची, सोपानकाका हातोडीने तिचा पत्रा सरळ करायचे, वर लांबी, म्हणजे पुट्टी, भरून पॉलिश पेपरने घासायचे, आणि मग रंग मारायचे ते अब्बा, म्हणजे हमीद मिस्त्री. आम्ही मूळचे मावळातले. घरात मराठीच, तीही व्हय-न्हाईची. अरबी नमाजेपुरती आणि उर्दू लग्नपत्रिकेपुरती. सोपानकाका लातूरकडचे. ते ‘मी आलो’सारखंच ‘मी भाकरी खाल्लो, मी काम केलो’ म्हणायचे आणि अम्मा त्यांची नक्कल करायची, तेही हसायचे. आमचा दिवस घड्याळावर नव्हता, कंपन्यांच्या भोंग्यांवर होता. पहिल्या शिफ्टच्या भोंग्याला अम्मा उठायची, दुसऱ्या शिफ्टच्या भोंग्याला आम्ही जेवायला बसायचो. मधल्या वेळात कंप्रेसर धापा टाकत असायचा. अम्मा म्हणायची, ‘ह्या म्हशीला आधी घास भरवा, मग मला बोला.’ शुक्रवारी मसुरीची खिचडी आणि चिंचेचा खट्टा असायचा, आणि त्या खट्ट्याला सुद्धा थिनरचा हलकासा वास यायचा. बाहेरच्या घरी जेवले की मला तिथलं अन्न काहीतरी अपुरं वाटायचं, आणि कशामुळे ते पुष्कळ वर्षं कळलं नव्हतं.

अब्बांचं नाव होतं ते रंग जुळवण्याबद्दल. तेव्हा रंगाचं मिश्रण काढून देणारी यंत्रं आमच्याकडे आलेली नव्हती. ज्याचा डोळा चांगला तो मिस्त्री. चार वर्षं ऊन खाल्लेल्या गाडीचं एकच दार नव्याने रंगवायचं आणि ते बाकीच्या गाडीत मिसळून गेलं पाहिजे, हे खायचं काम नव्हतं. त्यावर आमच्या गॅरेजची एक रीत होती. काम झालं की अब्बा गाडी शेडबाहेर उन्हात काढायचे. समोरच्या चहाच्या टपरीवरची पाच-सात माणसं आपोआप उठून यायची. गाडीच्या मालकाला ठोकलेला भाग माहीत असायचा, म्हणून त्याने तोंड मिटून बाजूला उभं राहायचं. अब्बा फडक्याला हात पुसत म्हणायचे, ‘ओळखा दार.’ दार असो, बॉनेट असो की डिकी, शब्द हेच. टपरीवरची माणसं गाडीभोवती फेऱ्या मारायची, वाकून बघायची, पैजा लावायची आणि हरायची. माझ्या आठवणीत कुणी बरोबर ओळखलेलं नव्हतं. अब्बा जास्त बोलत नसत, पण त्या वेळी त्यांची मान थोडी वर व्हायची आणि ते माझ्याकडे एकदा बघून घ्यायचे.

माझ्याकडे बघायचे कारण त्यात माझा वाटा होता. मी दहा-बारा वर्षांची असल्यापासून अब्बा रंग काढला की मला हाक मारायचे. रंग मारलेला नमुन्याचा पत्रा हातात द्यायचे आणि म्हणायचे, ‘उन्हात बघ.’ मी तो गाडीला लावून बघायचे आणि सांगायचे. पिवळा कमी. काळा एक थेंब जास्त. अब्बा कधी ‘तुला काय कळतंय’ म्हणाले नाहीत. मी म्हणेन तो थेंब पडायचा. माझ्या भावाला हे जमायचं नाही, त्याला सगळंच पांढरं पांढरं दिसायचं. अम्मा म्हणायची, पोरीच्या जातीला कशाला रंगाच्या वासात उभी करता, आणि अब्बा म्हणायचे, ‘डोळ्याला कसली जात?’ पुढे मी पुण्याला कलेच्या कॉलेजात गेले त्यालाही तेवढंच कारण होतं. घरात कुणी चित्र पाहिलेलं नव्हतं. पण पोरीचा डोळा वाया जाऊ नये, एवढं अब्बांना कळत होतं.

आता त्या पत्र्यांविषयी. अब्बा प्रत्येक जमलेला रंग हाताच्या तळव्याएवढ्या पत्र्यावर मारून ठेवायचे आणि पाठीमागे खिळ्याने मिश्रण कोरायचे. पांढरा चार वाट्या, पिवळा सहा थेंब, काळा दोन, असं. असे पत्रे बिस्किटांच्या डब्यांत भरलेले होते. त्यातला पांढऱ्यांचा डबा वेगळा. एकतीस पत्रे. पांढरा हा सगळ्यांत हरामखोर रंग, असं अब्बा म्हणायचे, आणि ते शिव्या देत नसत. त्यांनी पांढऱ्यांना नावं ठेवली होती. खडूचा, चुन्याचा, शाबूचा, कबुतराचा, निरशा दुधाचा, तापवलेल्या दुधाचा, सायीचा. मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना अब्बांना पांढऱ्यात ‘धूर’ दिसायला लागला. त्यांचा शब्द. मोतीबिंदू होता, पण ते डॉक्टरकडे जायला तयार नव्हते, कारण मिस्त्री डोळ्याच्या डॉक्टरकडे गेला ही बातमी पिंपरीपर्यंत गेली असती. मग ते डोळ्याने पांढरा जुळवायचं सोडून पत्र्यांच्या पाठीवरून जुळवू लागले. बाहेर कुणाला पत्ता नव्हता. सोपानकाकांना होता, अम्माला होता, आणि मला होता. मला माहीत नव्हतं असं इथे लिहून टाकायचा मोह होतो. पण मला चांगलं माहीत होतं.

शेवटच्या वर्षाला जर्मनीच्या एका शिष्यवृत्तीसाठी मुंबईत मुलाखती होत्या. आमच्या सरांनी माझी चित्रं पाहिली. घाट, घाटावरची देवळं, बाजारातल्या बायका. ते म्हणाले, ‘नसीम, हे सगळे काढतात. तुझं असं काही आण.’ मी घरी आले आणि दोन दिवस चिडचिड केली. माझं असं काय होतं? पत्र्याचं शेड आणि कंप्रेसर. तिसऱ्या दिवशी अब्बा जुम्म्याच्या नमाजेला गेलेले असताना मी पांढऱ्यांचा डबा उघडला. ते एकतीस पत्रे मी प्लायवर ओळीने ठोकले, खडूपासून सायीपर्यंत. लांबून बघितलं, फार सुंदर होतं ते. मुलाखत शनिवारी होती. रविवारी पत्रे परत डब्यात, कुणाला कळणारही नाही, असा माझा हिशेब. मुंबईत त्या खोलीत चार परीक्षक होते, त्यांत एक जर्मन बाई. चित्रं त्या बाईंनी भराभर उलटली आणि त्या प्लायपाशी येऊन थांबल्या. ‘हे तू केलंस?’ त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. एका शब्दात झालं सगळं. मग त्या म्हणाल्या की हे काम तीन आठवडे इथेच राहील, बाकीच्यांना दाखवायचं आहे. मी त्यालाही हो म्हणाले आणि रिकाम्या हाताने गाडीत बसले.

दोन आठवडे पांढरी गाडी आली नाही. मी रोज मनात म्हणायचे, येऊ नये. एक निळी आली, दोन जीप आल्या. आणि मग आली ती नेमकी तात्यांची. तात्या पिंपळे गुरवचे जुने शेतकरी, अब्बांचे दोस्त. मुलीचं लग्न तीन दिवसांवर आलेलं, नवरी ह्याच गाडीतून सासरी जायची होती, आणि चाकणला टेम्पोने पुढचं डावं दार चेपवलं. ‘मिस्त्री, काय बी कर,’ तात्या म्हणाले. अब्बा म्हणाले, ‘त्यात काय. तुमचं बॉनेट मीच केलंया. निरशा दुधाचा हाय, अकरावा पत्रा.’ सोपानकाकांनी दिवसभर ठोकून दार सरळ केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी अब्बांनी फळीवरून पांढऱ्यांचा डबा काढला. मी मागच्या खोलीत भाकऱ्या थापत होते. डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज मी ऐकला.

अब्बांनी सगळे डबे उपडे केले. फळ्या बघितल्या, कंप्रेसरच्या मागे बघितलं. मग त्यांना आठवलं की आठवड्यापूर्वी सोपानकाकांनी शेड झाडून भंगारवाल्याला पत्र्याचे तुकडे दिले होते. ‘सोपान, भंगारात काय काय घातलंस?’ सोपानकाका म्हणाले, ‘मिस्त्री, मी त्या डब्याला हात बी लावलो नाही.’ अब्बा म्हणाले, ‘मग पत्रे काय चालत गेले?’ सोपानकाका परत म्हणाले, ‘नाही लावलो.’ अब्बांचा आवाज चढला. बारा वर्षांत सोपानकाकांवर तो मी पहिल्यांदाच चढलेला ऐकला. ‘तीस वर्षांची माझी कमाई तू किलोच्या भावानं घालवलीस.’ सोपानकाकांनी हातातला हातोडा खाली ठेवला आणि ते भंगारवाल्याकडे पिंपरीला गेले, ढिगाऱ्यात हात घालून शोधायला. मी दारात उभी होते, हाताला पीठ होतं. ‘पत्रे मुंबईला आहेत’ हे तीन शब्द होते. पण ते बोलले असते तर अब्बांनी सोपानकाकांना तसंच मुंबईला पाठवलं असतं आणि त्या जर्मन बाईंच्या हातातून प्लाय काढून आणवला असता. मी आत जाऊन तव्यावरची भाकरी उलटली. सोपानकाका दुपारी परत आले तेव्हा त्यांचा पंजा कापलेला होता. त्यानंतर वर्षभराने ते चाकणला एका कंपनीत लागले. फार उशिरा, मी पन्नाशी ओलांडल्यावर, त्यांना खरं सांगायला चाकणला गेले, तर भिंतीवर त्यांच्या फोटोला हार होता. मी त्यांच्या मुलालाच सगळं सांगितलं. तो म्हणाला, ‘आमचे दादा कधी बोलले नाहीत हो ह्याबद्दल.’ मग त्याने मला चहा दिला आणि मी तो पिऊन आले, निर्लज्जासारखी.

पण त्या दिवसाचं अजून संपलेलं नाही. सोपानकाका पिंपरीला गेलेले असताना सरांचा निरोप आला. कॉलेजचा शिपाई सायकलवरून आला होता. माझी निवड झाली होती आणि चारच्या आत पुण्यात जाऊन कागदांवर सही करायची होती, नाहीतर नाव दुसऱ्याला जाणार. मी घरात नाचले नाही, अम्मालाही मोघम सांगितलं. साडी बदलत होते तेवढ्यात शेडमधून हाक आली. ‘नसीम, उन्हात बघ.’ अब्बांनी आठवणीने आणि अंदाजाने रंग काढला होता. एका नव्या पत्र्यावर मारून, वाळवून, तो ते माझ्यापुढे धरून उभे होते. त्यांचे डोळे लाल झालेले होते आणि ते पत्र्याकडे बघतच नव्हते, माझ्याकडे बघत होते.

मी शेडच्या दारातूनच ओळखलं होतं. निळा जास्त होता, नीळ जास्त झालेल्या धोतरासारखा. पत्रा गाडीला लावायची सुद्धा गरज नव्हती. पिवळ्याचे थेंब टाकत, दर वेळी वाळवून, बघून, जुळवायला तीन तास लागले असते. उन्हं उतरेपर्यंत तिथेच. दुपारचे दोन वाजले होते. आणि त्या तीन तासांत पत्र्यांची गोष्ट पुन्हा निघाली असती, मी अब्बांच्या शेजारी उभी असताना. मी पत्रा हातात घेतला, उन्हात गेले, गाडीला लावला, मान वाकडी करून बघितल्यासारखं केलं. ‘जुळलाय, अब्बा,’ मी म्हणाले. ‘नक्की?’ त्यांनी विचारलं. त्यांनी याआधी मला कधी ‘नक्की’ विचारलं नव्हतं. ‘नक्की,’ मी म्हणाले. त्यांच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मला दिसलं. त्यांनी कंप्रेसर चालू केला आणि मी पुण्याची बस पकडली. चाराला दहा कमी असताना सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तात्या आले, बरोबर काकी, म्हणजे त्यांची बायको, हातात नारळ घेऊन. गाडी उन्हात निघाली. मी दारात होते, आत जाऊन बसायचं धाडस होत नव्हतं. निळं दार बाहेर आलं आणि टपरीवरच्या माणसांचं बोलणं थांबलं. अब्बांनी फडक्याला हात पुसले. ‘ओळखा दार,’ ते म्हणाले. मग एक रिक्षावाला पुढे झाला, गाडीला पूर्ण फेरी मारली आणि म्हणाला, ‘मागचं उजवं का, मिस्त्री?’ दुसरा म्हणाला, ‘मला तर डिकी वाटती राव.’ तिसऱ्याने बॉनेट सांगितलं. ती माणसं एरवी एकमेकांची खेचल्याशिवाय घोट घेत नसत, आणि त्या दिवशी एकाने दुसऱ्याकडे न बघता ती ठरवल्यासारखी चुकत होती. तात्या जमिनीकडे बघत होते. अब्बा मात्र हसले, मान वर झाली. काकींना ही रीत माहीत नव्हती. त्या नारळ फोडायला पुढे आल्या आणि सहज म्हणाल्या, ‘अवो, ह्येच एक दार निळं का दिसतंया?’

अब्बांनी काकींकडे बघितलं नाही, दाराकडे बघितलं नाही, तात्यांकडेही नाही. ते वळले आणि माझ्याकडे बघत राहिले. थेट माझ्या डोळ्यांत. रागाने नव्हे. रागाने बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. मी नजर खाली घातली आणि आत गेले. बाहेर तात्यांचा आवाज ऐकू आला, ‘बायकांचं काय ऐकतोस मिस्त्री, उन्हाचं तसं दिसतंय.’ लग्नात त्या दाराला झेंडूच्या माळा जरा जास्तच लावल्या होत्या म्हणे. आम्हाला आमंत्रण होतं. अम्मा आणि भाऊ गेले. अब्बा गेले नाहीत. पुढे तात्यांना पुष्कळ जणांनी सांगितलं की दार दुसरीकडून करून घ्या. ते म्हणाले, मिस्त्रीनं मारलेला रंग मी दुसऱ्याकडनं खरवडून घेणार न्हाई. मैत्रीखातरच म्हणाले ते. पण त्यामुळे निळं दार गावभर फिरत राहिलं आणि हमीद मिस्त्रीची नजर गेली हे सगळ्यांना कळत राहिलं. अब्बांनी पुढच्याच महिन्यात रंगाची गन खुंटीला लावली. शेवटपर्यंत ते लांबी भरायचं आणि घासायचं काम करत राहिले, आणि रंग मारायला बाहेरून माणूस यायचा. ‘ओळखा दार’ ते पुन्हा म्हणाले नाहीत.

प्लाय मला कॉलेजात परत मिळाला तेव्हा पत्रे घरी आणून ठेवता आले असते. पण आता ठेवले तर मीच पकडले जाणार. म्हणून मी तो कागदात गुंडाळून मैत्रिणीकडे ठेवला आणि तिथूनच जर्मनीला नेला. त्याच पत्र्यांवर माझं नाव झालं. नंतर मी जे काही केलं, जर्मनीत चुन्याच्या भिंती, जपानात कागदाचे थर, ते सगळं त्या एकतीस पत्र्यांना दिलेलं उत्तर आहे. मोठमोठी माणसं त्यात दोन संस्कृतींचा संगम बघतात, बघोत बापडी. घरून पत्रं यायची. अब्बा चौथी शिकलेले, अक्षर मोठं मोठं. खुशालीच्या चार ओळी, आणि प्रत्येक पत्रात शेवटी, ‘डोळ्यांना जप. डोळे तपासून घे. गाजर खात जा.’ सोबत सुरम्याची डबी. मी मैत्रिणींना वाचून दाखवायचे आणि आम्ही हसायचो. सुरमा मी डोळ्यांत कधी घातला नाही, चित्रात काळ्यासाठी वापरला. त्याचंही कौतुक झालं.

अब्बांनी डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं तेव्हा मी चाळिशीला आले होते आणि जपानहून त्यासाठी आले होते. पट्टी निघाली, काळा चष्मा सुटला, आणि एका सकाळी ते म्हणाले, ‘तात्याची गाडी हाय का रं अजून?’ भाऊ म्हणाला, आहे की. तात्या गेले, पण मुलाने गाडी मोडीत काढली नव्हती. पिंपळे गुरवला त्यांच्या घरामागे चिंचेखाली ती उभी होती, चाकं नसलेली, आत कोंबड्या. चारी बाजूंनी इमारती आलेल्या. मी आणि अब्बा रिक्षाने गेलो. त्यांनी सदऱ्याच्या बाहीने दारावरची धूळ पुसली, मग बॉनेटवरची पुसली, आणि दोन्हींच्या मध्ये उभे राहून बराच वेळ बघत राहिले. ‘निळा,’ ते म्हणाले. ‘लईच निळा की गं.’

‘अब्बा, पत्रे मी नेले होते,’ मी म्हणाले. इतकी वर्षं मनात मी त्याची किती भाषणं तयार केली होती, त्यातलं एकही आलं नाही. त्यांनी मागे वळून बघितलं नाही. ‘पांढरे?’ ‘हो. मुंबईला. मुलाखतीत मी केले म्हणून सांगितलं.’ ते बॉनेटवरून हात फिरवत राहिले. ‘आता कुठं हायेत?’ ‘जर्मनीत. एका संग्रहालयात भिंतीवर लावलेत, काचेत.’ ‘पाठ दिसती का त्यांची?’ मी म्हणाले, नाही, पाठ भिंतीकडे आहे. त्यांना ते खरोखरच कळेना. ‘पाठच दिसत न्हाई, मग लोक बघत्यात तरी काय?’ मग थोड्या वेळाने ते म्हणाले, ‘सोपानला मी फुकट बोललो.’ ते त्यांना लागलं होतं, चेहरा उतरला. मी तिथेच उभी राहिले, आता शिक्षा येईल म्हणून, आणि यावी असंच मला वाटत होतं.

‘आन् ह्ये दार?’ त्यांनी विचारलं. ‘त्या दिवशी तू उन्हात बघून जुळलाय म्हणालीस. तुला ह्यो निळा दिसला न्हवता?’ ते आता पूर्ण वळले होते आणि त्या सकाळसारखेच माझ्या डोळ्यांत बघत होते. दिसला नव्हता म्हणाले असते तर एक गुन्हा कमी झाला असता. खोटं बोलायची ती शेवटची जागा होती आणि मला ती स्पष्ट दिसत होती. ‘दिसला होता,’ मी म्हणाले. ‘साफ?’ ‘साफ, अब्बा. शेडच्या दारातूनच दिसला होता. मला पुण्याला जायची घाई होती.’

त्यांनी माझी हनुवटी धरली आणि माझं तोंड उन्हाकडे केलं, पत्रा धरायचे तसं. एक डोळा बघितला, मग दुसरा. ‘म्हंजी डोळे चांगले हायेत तुझे,’ ते म्हणाले. मला काही कळेना. ते चिंचेच्या बुंध्याला टेकून खाली बसले. ‘मला वाटलं, माझंच दुखणं तुला लागलं. पोरगी लबाड बोलायची न्हाई, म्हंजी तिला दिसलंच नसंल. रंगावर जिचं पोट, तिलाच निळा दिसंना. कुनाला सांगनार? तुझ्या अम्माला बी बोललो न्हाई. नमाजेत दुसरं काय मागितलंच न्हाई मी, एवढी वर्षं.’ मग त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं आणि म्हणाले, ‘बरं झालं. लबाड बोललीस ते बरं झालं.’ ते हसत होते. मला रडता सुद्धा येईना, कारण त्यांच्या त्या आनंदात रडायला जागाच नव्हती.

मी त्यांना हात देऊन उठवलं. ते स्वतःहून रस्त्यापर्यंत चालत गेले, येताना लागला तसा आधारही त्यांना लागला नाही. रिक्षात बसल्यावर चौकात सिग्नल लागला तेव्हा ते पुढे वाकले आणि रिक्षावाल्याला म्हणाले, ‘ही माझी पोरगी. चित्रं काढती, परदेशात असती. नजर लई साफ हाय तिची.’ रिक्षावाल्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. मी रस्त्याकडे तोंड फिरवलं, आणि घर येईपर्यंत तशीच बसून राहिले.